पावणेदोन ग्रॅम

खलाशांचा क्लब बंद झाला. त्या लिलावात
टर्नटेबल मिळालं, दोन खुर्च्या आणि एका पितळी घंटेसोबत.
घंटा मी परत केली.
नाकस्कोवमध्ये घंटा वाजवून बोलवावं
असं आता कोणी राहत नव्हतं माझ्या घरात.

मग तीन आठवडे मी कार्ट्रिज निवडत बसलो.
एक जपानी, एक स्विस, एक चेरीच्या लाकडात कोरलेलं,
किंमत अशी की माझं पुढच्या हिवाळ्याचं जळण
त्याच्या टोकावर मावावं.

शेवटी भिंतीपलीकडच्या बोदिलला विचारलं.
एकतीस वर्षं कारखान्यात, भिंगाखाली,
केसाहून बारीक तारेचे वेढे घातले होते तिने.
श्वास धरून. मोजून.
‘शिंक आली तर?’
‘रविवारी शिंकायचो.’

टॉफीचा जुना डबा घेऊन आली.
आत आरशाचा तुकडा, चिमटा, इवलासा काटा,
आणि एक राखाडी कार्ट्रिज, वाटाण्याएवढं,
कुणाच्या नजरेत भरू नये असं.
‘हे पुरे. हिरा नंतर बघू.
आधी हे मेज नीट उभं राहू दे.’

तेवढ्यात बीटाचा ट्रॅक्टर गेला रस्त्याने.
कपातल्या कॉफीवर वर्तुळं उठली.
‘बघ. सुईला हेही ऐकू येतं.
व्हायोलिन कुठलं, ट्रॅक्टर कुठला,
ती बिचारी भेदभाव करत नाही.’
म्हणून भिंतीत चार खिळे. जाड फळी.
पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत
एका पायाखाली दुमडलेलं ट्रामचं तिकीट.

लाल, पांढरी, निळी, हिरवी.
कप उचलताना थरथरणारे तिचे हात
चिमटा धरताच जागच्या जागी थांबले.
माझाच श्वास तेवढा घरात मोठा होता.
तबकडीवर आरसा ठेवून तिने सुई उतरवली:
टोकाला टोक, खालची सुई वरचीला भेटली,
जरा तिरकी.
‘मान कलली आहे हिची,’ म्हणाली,
आणि नखाएवढ्या स्क्रूला नखभर वळण दिलं.

मग वजन.
मी म्हटलं, कमीच ठेवू, दीड. रेकॉर्ड झिजायला नको.
ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली.
‘सगळ्यांना असंच वाटतं,
अलगद टेकलं की जपलं.
अलगद टेकलेली सुई खोबणीत आपटत राहते.
खरा ओरखडा तिचा.
पावणेदोन. गुंजभरही कमी नको.’

मी काट्याकडे बघत राहिलो.
लिसबेथ गेली त्या वर्षी
मी किती अलगद वागलो होतो, किती महिने.

रेकॉर्ड तिने स्वतः आणली होती,
गावच्या चर्चमधल्या गायकवृंदाची, नाताळची,
कोपरा उंदराने खाल्लेलं पाकीट.
‘वरचे सूर माझे गेले,’ कानाला बोट लावून म्हणाली,
‘झांजा गेल्या, चिमण्या गेल्या.
तूच ऐक. तिसऱ्या कडव्याआधी
खुर्ची करकरते का?’

आधी नुसती खरखर, मग चाळीस माणसांचा
एकदम आत घेतलेला श्वास.
मी असा श्वास कधी ऐकला नव्हता,
ऐकला असेन तर लक्ष नव्हतं.
दुसरं कडवं संपलं. शांतता.
आणि त्या शांततेत लाकूड कुरकुरलं.

‘करकरली.’
‘डावीकडे?’
‘डावीकडे. थोडी मागे.’
‘ऑर्गनवाला एगिल. भलताच जाड होता.’
एवढंच बोलून तिने आरसा पुसला,
फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला,
झाकण बसेना, दोनदा दाबलं.

बाजू संपेपर्यंत आम्ही बसून होतो,
लिलावातल्या त्या दोन खुर्च्यांवर.
दारातून वळून, दांडीकडे डोळे बारीक करून
म्हणाली, ‘मागून अर्धा मिलिमीटर खाली हवी.’

अजून केलेली नाही.
गुरुवारी ती परत येते आहे.