बजावणी

बेलिफानं समन्स चिकटवलं
साखर पेठेतल्या आमच्या बंद कारखान्याच्या दाराला.
माग भंगारात जाऊन तीन वर्षं झालेली.
आम्ही विडी घरकुलात.

कागदाला खळ होती, तीही ताजी.
शेळीनं चाटूनपुसून खाल्ला असेल.
हुकूमनामा मात्र बरोबर पत्ता काढत आला
शिलाई मशीन मोजायला.

पंच म्हणून सही : नरसय्या गुंडला, शेजारी.
मी म्हटलं, साहेब,
नरसय्यामामा जन्मभर अंगठाच लावायचे.

साहेबांनी चष्मा काढला.
एकतर्फी निकाल रद्द. खर्च पाचशे,
म्हणजे माझ्या अडीच हजार विड्या.

दावा उभाच आहे.
पैसे घेतले होते, तेही खरं.
पण या खेपेला कागद
माझ्या हातात दिला. मी सही केली,
राजमणी व्यंकटेश बोद्धूल,
आणि बोटाचा तंबाखू उमटला शेजारी.