पाट्या

सनैयातल्या तेवीस नंबरच्या गल्लीत
रात्री दीडला आमचं शटर अर्धं वर.
सकाळी आठला दोह्याच्या हॉटेलात पोचवायच्या होत्या
साठ-सत्तर पाट्या,
फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या, टेबलागणिक एक.
वीस मार्च. त्यांचा दिवस.
मला फ्रेंच येत नाही.
मी अक्षरं कापतो.

रिमाबाईंचा फोन, बैरूतच्या घाईत:
सेनेगालच्या ई-वरची तिरकी रेघ कुठाय?
फॉण्टनं खाल्ली होती.
म्हटलं, बाई, तेवढ्यानं काय बिघडतं?
म्हणाल्या, तुमच्या लिपीत वेलांटी गेली तर?
मी गप्प.
दिन आणि दीन मी एकाच ब्रशनं रंगवलेत.

मी निपाणीचा.
आमच्याकडे पाटीवरून दगड चालत.
दिवसा एका भाषेत रंगवलेलं दुकान
रात्री डांबरानं पुसलेलं असायचं,
आणि सकाळी मालक दुसऱ्या भाषेची ऑर्डर द्यायचा.
दोन्हींचे पैसे मी घेतलेत.

खोकी भरायला सौमाना आला, गाडीचा ड्रायव्हर.
एक पाटी उचलली, उलटीसुलटी केली.
"हा माझा देश नाही.
हा नायजेरिया. शेजारी.
माझा निझेर."
एका शेपटीचा फरक, आणि मी
एका देशाला दुसऱ्याच्या खुर्चीत बसवून मोकळा झालो होतो.

नवा फोमबोर्ड मशीनवर चढवला.
तोवर तो बोलत राहिला.
थोडी हिंदी, थोडी अरबी, उरलेलं हातांनी.

हे सगळं सुरू झालं त्याच्या गावात, नियामेत.
एकोणीसशे सत्तर, मार्चचाच उन्हाळा.
एकवीस देशांनी सह्या केल्या,
गोरे साहेब गेल्याला दहा वर्षं झाली होती
आणि त्यांची भाषा मात्र राहिली होती,
भाडेकरूनं सोडून दिलेल्या कपाटासारखी.
जड. पण आत कप्पे होते.
टाकणार कुठं? कपडे ठेवले.

त्या दिवसांत खुर्च्या उचलल्या त्याच्या वडिलांनी.
सौमाना सांगतो तसं सांगतो मी, पुरावा नाही.
शाळेत असताना त्यांच्या गळ्यात
लाकडाचा ठोकळा अडकवायचे,
घरची भाषा तोंडून निसटली की.
दुसऱ्या पोरानं चूक करेपर्यंत
तो काढायचा नाही.
"म्हणजे आम्ही दिवसभर एकमेकांच्या
तोंडाकडे कान लावून."
तिसरीत शाळा सुटली.
आणि मग तीच भाषा बोलायला
लांबलांबून माणसं आली,
वडील त्यांच्यासाठी खुर्च्या मांडत होते, झरमात मोजत.

इथं त्याच्या खोलीत एक कोमोरोसचा, एक ट्युनिसचा, दोघे बेनिनचे.
मीठ फ्रेंचमध्ये मागतात.
पगार अडला की अर्ज फ्रेंचमध्ये जुळवतात,
ट्युनिसवाला त्याचा अरबी करतो.
शिव्या ज्याच्या त्याच्या.
त्याला कुणी संघटना म्हणत नाही.

मला आमचं आठवलं:
नेपाळी प्रेम बहादूर, करीमनगरचा लिंगय्या, मी,
आणि आमची मोडकी हिंदी,
तिघांपैकी कुणाच्याच आईची नसलेली.
तिचा दिवस कुठल्या तारखेला येतो?

साडेतीनला निझेर छापून झाला.
नायजेरियाची चुकलेली पाटी कोपऱ्यात.
सौमाना म्हणाला, मागची बाजू कोरी आहे,
बापाचं नाव घाल.
नाव काय?
गारबा.
हसू आलं ते मी गिळलं.
स्पेलिंग सांग.
तो थांबला.
त्यांनी कधी लिहिलंच नाही, म्हणाला,
सरकारी कागदावर दोन तऱ्हेनं आहे.

मग मी ब्रश काढला. कित्येक वर्षांनी.
म्हणून दाखव, म्हटलं.
त्यानं म्हटलं तसं लिहिलं,
गा-ला काना देऊन, र पूर्ण,
काळ्या रंगात, मार्जिन सोडून.

ती पाटी आता त्याच्या गाडीत, काचेपाशी.
सिग्नलला शेजारच्या गाडीतले विचारतात,
हा कुठला देश?

रिमाबाईंचं बिल अजून यायचंय.