पूर्ण मिनिट

एल आल्तोत पुस्तकालाही धाप लागते.
चार हजार मीटरवर पाणी लवकर उकळतं
आणि बटाटे कच्चेच राहतात,
धडधाकट माणसाच्या बोटाला चिमटा लावला
तर आकडा येतो सत्त्याऐंशी.
पुस्तक म्हणतं, पंच्याण्णव हवेत.
पहिल्या आठवड्यात मी अख्ख्या वॉर्डाला
ऑक्सिजन लावायला निघाले होते,
मग स्वतःचं बोट चिमट्यात घातलं : अठ्ठ्याऐंशी.
तेओदोसिया बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, हे पुस्तक समुद्रकाठी लिहिलंय,
आणि बोलिव्हियाला समुद्र नाही.

माझं नाव वारा.
आमच्या आयमारात वारा म्हणजे तारा.
तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, निळा गणवेश, दोन वेण्या,
खिशात सेकंदकाट्याचं घड्याळ,
कारण बाईंचा मोबाइलवर विश्वास नाही.

त्यांनी एक खोटं बोलायला शिकवलं, एकच :
श्वास मोजतोय हे सांगायचं नाही.
सांगितलं की माणूस श्वासाला सदरा घालतो, भांग पाडतो,
पाहुण्यांसमोर बसवावं तसा बसवतो.
म्हणून मनगट धरायचं, नाडी मोजायची,
नाडी संपली तरी बोटं तिथेच ठेवायची
आणि नजर शालीच्या काठावर,
वर, खाली,
वर.
पंधरा सेकंदांना चारने गुणणं हा आळस, गणित नव्हे.
पूर्ण मिनिट.

सात नंबरच्या खाटेवर दोन्या आसुंता.
गुरुवारच्या बाजारात चुन्यो विकणारी,
पायमोडीसाठी आलेली.
झोपेतही डोक्यावरची तपकिरी हॅट काढत नसे.
काल मला म्हणाली, मुली, तुझी डावी वेणी वाकडी आहे,
अशा हातांनी माझी पट्टी बांधू नकोस.
मी शौचालयात जाऊन वेणी सोडली, परत घातली.

आज पहाटे पाच.
चिमटा : अठ्ठ्याऐंशी. इथल्या मापाने उत्तम.
ताप : छत्तीस पॉइंट चार. ताप नाहीच.
रात्रपाळीच्या मुलाने लिहिलं होतं, ‘शांत झोप.’
मीही तेच लिहिणार होते, पेनाचं टोपण निघालंही होतं,
तेवढ्यात पायाला काहीतरी लागलं.

हॅट.
जमिनीवर, पालथी, खाटेखाली अर्धी.
आणि ती मागत नव्हती.

मी मनगट धरलं. नाडी एकशे अठरा.
बोटं तिथेच ठेवली. शाल वर, खाली, वर,
गळ्याजवळचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता,
खिडकीबाहेर कुत्री, पहिली मिनीबस, कंडक्टरची हाळी,
साठ सेकंद किती लांब असतात ते तेव्हा कळलं.
चौतीस.
नख दाबून सोडलं : रंग परतायला चार सेकंद,
पण इथे सगळ्यांचीच नखं थंड, ते मी बाजूला ठेवलं.
दोन्या, आज वार कोणता?
‘बा...’ म्हणाली, मग थांबून श्वास घेतला,
‘...जार.’
माझ्याकडे पाहून म्हणाली, हेर्मिनिया, दार लाव.
माझी वेणी आज खरोखर वाकडी होती.
तिने पाहिली नाही.

बाईंना उठवताना जीभ अडखळली.
आकडे आधी सांगू की हॅट?
हॅट सांगितली.
त्या बूट न बांधताच निघाल्या.
छातीच्या मागे उजवीकडे, खाली,
स्टेथोस्कोप माझ्या कानात घालून म्हणाल्या, ऐक.
कोरड्या पोटीवर केस घासावेत तसं.
म्हाताऱ्या शरीराला कधीकधी तापाचाही खर्च परवडत नाही,
एवढंच बोलल्या. बाकी सगळं हातांनी :
डोकं उंच, नळी, शीर, रक्ताची बाटली, फोन.

ला पाझला न्यायचं ठरलं, खाली, जिथे हवा
एका ब्लँकेटइतकी तरी दाट आहे.
अँब्युलन्सचं दार लागत होतं आणि मी धावले,
तिच्या पोटावर हॅट ठेवली.
बराच वेळ काहीच नाही.
मग बोटं सरकली, कड सापडली,
कडेवरून एकदा गोल फिरली.

पुढे काय झालं ते या कागदावर नाही.
कागदावर माझ्या अक्षरात शेवटची ओळ एवढीच :
पाच चाळीस. श्वास बत्तीस. हॅट ओळखली.