बोट ठेवून बघ

सावद्यात मे महिन्यात
एक वाजता पत्र्यावर घातलेली कुरडई
तीनला कडकडीत होते.
त्या उन्हात मी गाडी पळवायचो,
फूटभर लांबीची, निळी, रिमोटची,
सुकी नदीच्या पात्रात.
नदीनं नावाला जागून पाणी ठेवलेलं नसायचं.

पहिला कंट्रोलर तिथेच गेला.
आवाज नाही, जाळ नाही,
वाळूवर नुसता जळक्या मासळीचा वास
आणि गाडी उभी,
चुकीच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखी.

नबाब तडवी विहिरीवरच्या मोटारी बांधतात.
पाच, साडेसात, दहा हॉर्सपॉवर.
माझी मोटर त्यांनी तळहातावर घेतली
सुपारी घ्यावी तशी,
नाकाशी नेली.
‘वार्निश जळालं भो.
इले कधी बोट लावलं व्हतं का?’
बोट कशाला, मी म्हणालो.
‘तीन मोजेपर्यंत टिकलं, तर पळव.
दोनवर उचललं, तर सावलीत ठेव.
लावताच उचललं,
तर मंग माह्याकडे ये.’

चष्मा कपाळावरून खाली आला.
मागच्या चाकाच्या दांड्यातून
त्यांनी चिमट्यानं केळीच्या सोपटाचा धागा ओढला,
वीतभर,
मग आणखी वीतभर,
मग एक लांब केस, कुणाचा कोण जाणे.
‘चाक अडकलं, आन् तू ट्रिगर दाबून बसला.
फिरता नाही आलं
तं करंट जाईन कुठी?
त्या डबीतच ना बिचारीच्या.’

तेवीस दातांचं पिनियन मी हौसेनं बसवलं होतं.
ते त्यांनी काढून माझ्या खिशात टाकलं,
एकोणीस दातांचं लावलं.
चढावर भरली ट्रॉली टॉप गिअरात नेतं का कोणी?
वहीच्या पानाची चिंधी दोन चक्रांमध्ये धरून
मोटर आवळली,
चिंधी ओढून काढली,
तर तिच्यावर बारीक नागमोडी घड्या.
‘एवढी फट. जास्त नाही, कमी नाही.’
आणि एक स्क्रू.
दोन मिलिमीटर लांब होता,
आत जाऊन तांब्याला टोचत होता.
तो मला दाखवताना ते पहिल्यांदा रागावले.
‘पाव्हणा वसरीत बसला पाह्यजे,
चुलीपाशी नाही.’

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी शर्यत.
बारा फेऱ्या, अकराशे रुपये,
माहेरी आलेल्या पोरी काठावर टरबूज खात बसलेल्या.
आठवीपर्यंत मी पुढे होतो.
नववीत वळणावर गाडी जरा जड वाटली,
म्हणजे काय ते मला सांगता येणार नाही,
अंगठ्याला कळलं.
हात वर केला, गाडी आणली,
बोट ठेवलं.
एक.
दोन.

मग मी तिला निंबाखाली नेलं,
झाकण उघडलं, पंख्यातली वाळू फुंकली,
बॅटरीचा जोड सोडवला,
आणि शर्यतीकडे पाठ करून
उपरण्यानं वारा घालत बसलो.
काठावरून कोणीतरी ओरडलं,
‘डॉक्टर, सलाईन लावा!’
हसले सगळे. मीही.

फैजपूरची मृणाल वायकोळे जिंकली.
तिची गाडी शेवटच्या रेषेवर धुरासकट आली.

संध्याकाळी दुकानात तीच उभी,
काळी पडलेली मोटर रुमालात.
‘वास कितव्या फेरीले आला?’
‘दहाव्या.’
‘मंग?’
‘मंग दोनच राहिल्या होत्या ना, चाचा.’
नबाब तडवी काही बोलले नाहीत.
तांब्याच्या तारेचं रीळ त्यांनी उगाच फिरवलं,
थांबवलं.

मला वाटलं, माझी बाजू कोणीतरी मांडावी.
पण न जळालेल्या मोटरला वास नसतो,
ती कुणाला हुंगायला द्यायची?
ती माझ्या पिशवीत होती,
नुकत्या घातलेल्या अंड्याएवढी कोमट.

‘हिची होईन दोन दिवसांत,’ ते म्हणाले,
मग माझा हात धरून दिव्याखाली नेला.
‘अन् तुह्या बोटाले काय झालं?’
टोकावर फोड आला होता, टपोरा.
दोनवर उचलायचं सांगितलं होतं त्यांनी.
मी तीनपर्यंत मोजलं होतं,
कदाचित चारही.