माशीची घाण

कारखान्यात तेहतीस वर्षं
तारल्यांची डोकी उडवली मी, डबे भरले.
आता माउस धरला तरी
बोटं सुरी धरल्यासारखीच वळतात.

भाची सबेला शिकवून गेली:
हा शिक्का. इथलं उचलायचं, तिथं दाबायचं.
दोन रात्री बसून
माल्पिकाच्या धक्क्यावरून गेलेली घडी बुजवली,
समुद्राला समुद्राचंच ठिगळ.
डोसिंदा मावशीला मध्येच तिसरा कान फुटला,
तो परतवला.
बुरशी गेली. कॉफीचा डाग गेला.
क्षितिजावर माशीची घाण होती, तीही.

आई ब्याण्णवची. भिंग घेऊन बघत राहिली.
म्हणाली, स्वच्छ झालाय.
मग रिकाम्या पाण्यावर बोट टेकवून:
"आणि बोट?
आम्ही काय फोटोसाठी उभ्या होतो?
वाट बघत होतो त्याची.
त्या पोरानं उगाच कॅमेरा काढला."

मूळ फोटो खिडकीशी नेला.
माशीच्या घाणीमागे
केसाएवढी धुराची रेघ.
बाबा. वय सत्तावीस.
माझ्या जन्माला अजून दोन वर्षं.

उलटा बाण दाबला.
बोट आली.
तिथंच थांबायचं, पण हाताला वेग कारखान्याचा:
डाग आला, बुरशी आली,
मावशीचा कान आला, गेला,
घडी पुन्हा धक्क्यापासून आभाळापर्यंत उघडली.

आता परत पहिल्यापासून. हळू.
दीपस्तंभाच्या डावीकडे
एक पांढरा कण आहे.
आई झोपलीय.
सकाळपर्यंत तो राहू दे.