दुभाषी

खोली नंबर सतरा. केसपेपरवर नाव, उत्पला खरात.
तुम्ही आईला विचारता, झोप येते का हिला?
आईचे ओठ बराच वेळ हलतात,
मग ती माझ्याकडे वळते, तळवा गालाखाली ठेवते:
झोप?
मधलं सगळं कुठं गेलं, मी विचारत नाही.
बत्तीस वर्षं मी आईकडून
जगाचा सारांश घेते आहे, डॉक्टर.

आमच्या घरात खुणा चाळीस-पन्नास.
भात, पाणी, रेशन, पाळी, बाप आला,
बाप पिऊन आला.
डोळ्यांवर चष्मा आणि पुढं केलेलं बोट म्हणजे चौदा एप्रिल.
मनासाठी खूण नाही.
छातीवर हात ठेवला की आईला वाटतं अ‍ॅसिडिटी.

शनिवारी दादरला बहिऱ्यांचा क्लब भरतो.
तिथं मला शब्द मिळाले, चोविसाव्या वर्षी.
उपाशी माणसासारखे दोन्ही हातांनी खाल्ले.
मग कुणीतरी सहज विचारलं, आडनाव?
मी बोटांवर एकेक अक्षर मोडून दाखवलं.
ऐकू न येणाऱ्या खोलीतही शांतता पसरते.
ती दिसते.
हात मांडीवर उतरतात,
कुणी चहाच्या कपात बघू लागतं.

हिल्डानं हात खाली नेले नाहीत.
कुर्ल्याच्या क्रिश्चन गावातली, तिची खूण
डाव्या भुवईवर करंगळी, जिथं लहानपणी टाके पडले होते.
तिनं माझं आडनाव माझ्याच तळव्यावर गिरवलं
आणि माझी मूठ मिटली,
बसचं तिकीट सांभाळायला द्यावं तशी.

पुढचं मी कुठं सांगू?
क्लबात सांगितलं असतं तर भिंतभर हात बोलले असते.
सिद्धार्थ कॉलनीत बहिरीला बरंच माफ असतं,
तेवढ्यावर भागवते.
विहारातल्या बायका म्हणतात, बघा की एखादा,
पायानं अधू असला तरी चालेल.
हिल्डाच्या घरी फादरना बोलावलं,
मग तिला वसईला मामीकडे ठेवलं, फोन काढून घेतला.
बहिऱ्या माणसाचा फोन काढून घेणं म्हणजे काय,
तुमच्या पुस्तकात असेल तर बघा.

तेव्हापासून माझे हात रात्री जागे असतात.
अंधारात आम्हाला बोलता येत नाही.
ते तरी बोलतात.

तिसऱ्या खेपेला तुम्ही आईला बाहेर बसवलंत,
कागद सरकवलात. लिही.
मी लिहिलं:
रात्र हात झोप नाही. हिल्डा वसई. पोट दगड.
मी संपणे विचार दोन वेळ.
तुम्ही वाचलंत, पेन उघडलंत.
मला उलटी अक्षरं वाचता येतात,
बहिऱ्यांचे डोळे चोरटे असतात.
विचार विस्कळीत. भाषा तुटक.

आईला आत बोलावून कागद दाखवलात.
आई सातवी शिकलेली. बोट ठेवून वाचत गेली.
हिल्डापाशी बोट थांबलं.
शेवटची ओळ तिनं तीनदा वाचली.
मला सगळ्यांचे ओठ वाचता येत नाहीत,
पण आईचे येतात:
तुटकं नाय साहेब. ती अशीच बोलते.
आमच्या घरात असंच बोलतात.

आणि माझ्याकडे वळून
शाळेच्या खिचडीच्या टोपानं भाजलेली करंगळी
तिनं डाव्या भुवईवर ठेवली.

कधीपासून माहीत होतं तिला?
पुढं हात अडला.
आमच्या चाळीस-पन्नासात पुढचा शब्दच नव्हता.
पाढा विसरलेल्या पोरासारखी ती उभी,
करंगळी भुवईवर तशीच.
तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत.

मी तिचा दुसरा हात ओढून
माझ्या छातीवर ठेवला.
तिनं थोडा वेळ तो तिथंच राहू दिला.
मग मान हलवली, स्वतःशीच:
अ‍ॅसिडिटी नाही.