धामण

व्हर्निअर खिशात घालून गेलो होतो मी, हे आधीच सांगतो.
उद्यमनगरात लेथवर सतरा वर्षं,
सुताच्या भागाचाही भाग पकडणारा माणूस,
नुसत्या डोळ्यांनी धनुष्य कसं पसंत करणार?

हळदीला मेहुण्याचा ऊस डुकरांनी लोळवला होता.
बंदुकीचं लायसन मिळेना, कुत्री घाबरट,
फटाके लावले तर डुकरं जत्रेला यावीत तशी येत.
मेहुणा म्हणाला, ओलवणच्या वर धनगरवाड्यात
धाकलू झोरे म्हणून म्हातारा आहे, तो अजून करतो.

दाजीपूरची एसटी, पुढं पाऊण तास चढ.
म्हातारा काचेच्या तुकड्यानं लाकूड खरवडत होता,
मांडीवर केसासारखे पापुद्रे.
पाणी दिलं. नाव विचारलं नाही.
म्हणाला, "हात पसर."
उभा राहिलो बुजगावण्यासारखा त्याच्या अंगणात,
आणि त्यानं सुतळीनं
या बोटापासून त्या बोटापर्यंत मला मोजलं.
सुतळीला एक गाठ मारली. तेवढाच आकडा.

पहिलं शिसवीचं, काळं, तेल पिऊन चमकणारं,
दसऱ्याला पुजावं असं.
ओढलं, तर खांद्यात काहीतरी कटकन बोललं.
दुसरं मेशीच्या बांबूचं,
हातात घेताच पळायला निघालेलं.
तिसरं धामणीचं.
मधेच एक गाठ, आणि गाठीला लाकडानं वळसा घातलेला
ओढा दगडाला घालतो तसा.
"हे वाकडं आहे," मी म्हणालो.
"झाडच वाकडं हुतं," म्हातारा म्हणाला.

मग मी व्हर्निअर काढला.
वरचा दांडा बारा, बोटभर पुढं साडेअकरा,
खालचा तेरा, मग उगीचच परत बारा.
असला जॉब मी भंगारात टाकला असता.
धाकलूनं माझं हत्यार घेतलं, उघडलं, मिटलं,
नातवाच्या नाकाला लावून बघितलं,
पोर खिदळलं तेव्हा मला परत दिलं.

"ओढ."
ओढलं.
"आता धर."
धरलं. पलीकडच्या कड्यावरून एक ढग सुटला,
अंगणातल्या शेणकुटांवर त्याची सावली येऊन बसली,
तरी हा काही बोलेना. दंड लटपटायला लागले.
"आता न सोडता माघारी आण. सावकाश.
सोडाय कुणालाबी येतंय, मिस्त्री.
माघारी आणाय येतंय का, ते बघून घे."

शिसवीच्या दोरीनं मनगट सोललं.
बांबू उसळला.
धामण आली,
नावासारखीच, आल्या वाटेनं बिळात जावी तशी.
बावीस रुपये. घायपाताची दोरी वेगळी, सव्वा रुपया.

मार्गशीर्षातली अवस. सरीत उकिडवा बसलो,
पायांना मुंग्या, लांबून कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास.
पानं वाजली. थांबली. परत वाजली.
कमरेएवढं काळं, वाकलेलं.
ओढलं. धरलं.
किती वेळ, ते कुठल्याच पट्टीवर नाही.
त्या काळ्याला खोकला आला.
मेहुणा. हातात टमरेल.

धामण माघारी आणली.
मी म्हणालो, "दहिवर लई पडलंय."
तो "व्हय" म्हणाला आणि बांधाकडं गेला.

आजही पंगतीत तो रंगवून सांगतो,
आमच्या पाहुण्याला बावीस रुपयांत शेपूटसुद्धा गावलं नाही.
सगळे हसतात. वाढता वाढता माझी बहीणही हसते,
हातातल्या बांगड्या वाजतात.
मी अजून एक भाकरी मागून घेतो.

दोरी उतरवून धनुष्य लेथमागच्या खिळ्याला टांगलंय.
जेवणाच्या सुट्टीत कधी व्हर्निअर लावतो.
बारा. साडेअकरा. तेरा.
पावसाळ्यात यातला एकही आकडा जागेवर राहत नाही.